एकच प्रत, पंधरा ऐकणारे: रहस्यकादंबरी गावात मोठ्याने कशी वाचावी?

ढेलजेतला दिवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावाचं ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान वर्गाचं, सार्वजनिक वाचनालय मी सांभाळते. तुळशीचं लग्न आटोपलं की रात्री आठ ते नऊ ओसरीवर एक रहस्यकादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची, असं ठरलं आहे. पुस्तक डेमी आकाराचं (कादंबरीच्या नेहमीच्या मापाचं), ३१२ पानं, ४१ प्रकरणं, आणि प्रत एकच. ऐकणारे पंधराच्या आसपास. त्यात म्हातारी माणसं आहेत, कापूस वेचून आलेल्या बाया आहेत, नववी-दहावीची पोरं आहेत. वाचणारी बारावीतली मुलगी आहे, तिचा उच्चार स्वच्छ आहे.

कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही. ती माझी पूर्ण वाचून झाली आहे.

आमच्याकडे श्रावणात पोथी लागते, त्यामुळे तासभर बसून ऐकायची सवय सगळ्यांना आहे. पण पोथीतली गोष्ट आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसताना ऐकणं वेगळं, आणि त्याची तयारीही वेगळी करावी लागणार. माझ्या अडचणी सांगते. एका रात्री किती पानं घ्यावीत आणि थांबावं कुठे? वाचणाऱ्या मुलीला शेवट माहीत असावा की नसावा? ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही, मग पात्रं आणि धागे लक्षात कसे राहतील? ओलितासाठी ज्यांना रात्री वावरात जावं लागतं, त्यांची सुटलेली बैठक कशी भरून काढायची? आणि कपाटातून पुस्तक काढून कोणी शेवटचं पान वाचलं तर सगळंच गेलं, त्यावर उपाय काय?

पानखूण

ताई, सगळ्यात आधी प्रत तपासा. ग्रंथालयातल्या जुन्या रहस्यकादंबरीचा शेवटच सगळ्यात जास्त हाताळला जातो आणि गळतोही तोच. पुस्तकाची बांधणी बहुधा १६-१६ पानांच्या फर्म्यांची, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या जुड्यांची असते. शिवण सैल झाली की एकटं पान जात नाही, कधी अख्खा फर्मा निसटतो. कधी बांधणाऱ्याकडूनच एक फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा राहून जातो. म्हणून १ ते ३१२ नुसते पानांचे आकडे बघत जा. दहा मिनिटांचं काम आहे. २७२ नंतर एकदम २८९ आलं, हे पंधराव्या रात्री पंधरा माणसांसमोर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता वेळ. डेमीच्या पानावर साधारण २८ ओळी असतात आणि ओळीत नऊ-दहा शब्द, म्हणजे पानाला २६० च्या आसपास. मोठ्याने, ऐकणाऱ्याला झेपेल असं वाचायचं तर मिनिटाला १२० शब्दांच्या वर जाऊ नये. पानाला सव्वादोन मिनिटं झाली. ३१२ पानांना ७०० मिनिटं, म्हणजे पावणेबारा तास. तासाच्या बैठकीत पाच मिनिटं मागच्या गोष्टीची उजळणी आणि शेवटची दहा मिनिटं बोलण्यासाठी ठेवलीत तर वाचनाला ४५ मिनिटं उरतात, त्यात २० पानं बसतात. एकूण १६ बैठका. तुमच्या मुलीकडून घड्याळ लावून तीन पानं वाचून घ्या. एक संवादाचं, एक वर्णनाचं आणि एक मारामारीचं घ्या, कारण संवादाचं पान लवकर संपतं आणि वर्णनाचं रेंगाळतं. त्यावरून हा हिशेब दुरुस्त करा.

आठवड्यातून एकच बैठक ठेवू नका. १६ बैठकांना चार महिने लागतील आणि तिसऱ्या आठवड्यात ऐकलेला धागा तेराव्या आठवड्यात कोणाच्याच डोक्यात नसेल. आठवड्याला किमान तीन हव्यात.

थांबायचं कुठे, हा खरा कळीचा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, असं सगळे करतात. पण प्रकरणाचा शेवट लेखकाने एकट्या वाचकासाठी लिहिलेला असतो. त्याने लगेच पान उलटावं म्हणून तिथे दारावर थाप पडते, दिवा विझतो, मागून हात येतो. आणि कितीदा तरी पुढच्याच परिच्छेदात कळतं की थाप मारणारा दूधवाला होता. एकट्याने वाचताना हे खपतं. पण त्या थापेवर तुम्ही माणसं दोन दिवस थांबवलीत आणि तिसऱ्या रात्री पहिल्याच ओळीत दूधवाला आला, तर माणसं मनातून उठून जातात. थांबा ठरवण्याआधी पुढचं दीड पान वाचा. धोका खरा असेल तरच तिथे थांबा.

दुसरं असं की भीती एका रात्रीत शिळी होते, कोडं शिळं होत नाही. दुसऱ्या दिवशी लगेच बैठक असेल तर थापेवर खुशाल थांबा. मध्ये दोन-तीन दिवस जाणार असतील तर जिथे दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत तिथे थांबा. रखवालदार म्हणतो फाटक रात्रभर बंद होतं, आणि सकाळी अंगणात बैलगाडीची ताजी चाकोरी आहे. हे वावरात कापूस वेचता वेचताही बोलता येतं, आणि तिसऱ्या रात्री माणूस स्वतःचं उत्तर घेऊन येतो. मग असा थांबा प्रकरणाच्या मधोमध आला तरी चालेल. तिथे पेन्सिलीने बारीक टिंब करा, शाईने नको.

वऱ्हाडी पोथीवाला

ताई, पोथीले दोघं बसतेत. एक वाचते, दुसरा अर्थ सांगते. रहस्याच्या पुस्तकाले हा दुसरा माणूस चालत नाही, काऊन की इथं अर्थ म्हणजेच शेवट.

वाचणाऱ्या पोरीले शेवट सांगूच नोका. ज्याले खुनी माहीत हाये त्याचा आवाज फितूर होते. खुन्याचं नाव आलं की तो एक तर जरासा थांबते, नाहीतर घाईनं पुढं सरकते. ओसरीवर बसलेल्या बायांचे कान लय तिखट असतेत. चार बैठकीत पकडतेत.

पण एकदम कोरं वाचनही खरं नाही. जोडाक्षरावर अडखळलं, वाक्य चुकीच्या जागी तोडलं, की ऐकणाऱ्याचं मन तुटते. म्हणून त्या रात्रीची वीस पानं तेवढी तिनं दुपारी मनात वाचून घ्यावी, अन् त्यातला एखादा उतारा मोठ्यानं. त्याच्या पुढं दोरा. पुढची सारी पानं सुती दोऱ्यानं उभी-आडवी बांधून टाका अन् गाठ तुम्हीच मारा. दोरा लय आवळू नोका, नाहीतर पानांच्या कडा मुडपतेत. सेलोटेप अजिबात नोको, काढतानी शाई संग घेऊन येते. रबरही नोको, ते पघळून पानाले चिकटते. बैठक झाली की पुस्तक कपाटात अन् किल्ली तुमच्यापाशी. शेवटचं पान फोडणाऱ्यावर हाच इलाज हाये.

तुमचं पुस्तक वाचून झालं हे बरंच झालं. थांबे तुम्ही ठरवा. पण बैठकीत मांगं बसा, दिव्याचा उजेड तुमच्या तोंडावर पडू देऊ नोका. माणसं पुस्तकाकडे नाही, तुमच्याकडे पाहतीन. कोणी बरोबर अंदाज केला अन् तुमची मान हलली, की झालं.

आता ओलिताचं. वावरातली मोटारीची थ्री फेज लाईन लय गावांत एक हप्ता दिवसा तर एक हप्ता रात्री अशी पाळीनं येते. चण्याले पाणी द्याचं असन तर माणूस रात्री जाईनच, त्याले रोखू नये. पाळीचा कागद आधी पाहा. ज्या हप्त्यात रात्रीची लाईन हाये त्या हप्त्यात पुस्तकातला चौकशीचा, जबान्यांचा भाग येऊ द्या, तो मागाहून सांगून भरून निघते. प्रेत सापडते, नाहीतर कोणाचं बिंग फुटते, अशी बैठक दिवसाच्या लाईनच्या हप्त्यात ठेवा. ते सांगून भरत नाही, ते कानानंच ऐका लागते. गरज पडली तर दोन दिवस वाचन बंद ठेवा, पण अर्धी ओसरी रिकामी असतानी मोठा उलगडा वाचू नोका.

काळी माती

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले. वाचणाऱ्या मुलीसाठी आणखी सांगतो, कारण रहस्यकादंबरी मोठ्याने वाचताना सगळ्यात मोठं नुकसान चांगल्या वाचनानेच होतं.

लेखक धागा लपवतो तो बहुतेक वेळा उघड्यावरच. नमुन्यादाखल हे वाक्य घ्या: "खोलीत लोखंडी खाट, खुंटीवर ओला सदरा, कोनाड्यात रॉकेलची चिमणी आणि कोपऱ्यात पाण्याचे दोन पितळी गुंड होते." गोष्ट मे महिन्यातली आहे, पाऊस नाही, आणि सदऱ्याचा मालक म्हणतो की मी दिवसभर खोलीतून हललो नाही. सगळं रहस्य त्या "ओला" शब्दात आहे. लेखकाने तो चार वस्तूंच्या यादीत मधे ठेवला, कारण यादीतली पहिली आणि शेवटची वस्तू लक्षात राहते, मधली निसटते. आता गोडीने वाचणारी मुलगी "ओला" वर जरा जोर देईल आणि लेखकाची सगळी मेहनत वाया जाईल. यादी आली की चारही वस्तू एका वजनाने, एका चालीने वाचायच्या. 

लपवण्याच्या आणखी जागा आहेत. धागा सांगून झाल्याबरोबर काहीतरी आवाज होतो, कुत्रं भुंकतं, कोणी ओरडतं, आणि लक्ष तिकडे जातं. किंवा धागा अशा माणसाच्या तोंडी असतो ज्याला सगळे बडबड्या समजतात. किंवा तो खून व्हायच्या आधीच येऊन गेलेला असतो, तेव्हा आपण अजून शोधायलाच लागलेलो नसतो. म्हणून पहिली चाळीस पानं "अजून काही सुरू झालं नाही" म्हणून भराभर उरकू नका. तीच सगळ्यात सावकाश वाचायची.

पात्रांना वेगवेगळे आवाज देऊ नयेत. नाटकाची आवड असलेल्या मुलीला हे जड जाईल, पण कारण पक्कं आहे. गोष्टीत फोनवर धमकी देणारा अनोळखी माणूस असेल तर त्याला कोणता आवाज देणार? नवीन दिला तर तो कोणी बाहेरचा ठरतो आणि ऐकणारे चुकीच्या वाटेला लागतात. ओळखीचा दिला तर बिंगच फुटलं. सगळ्यांना एकच आवाज ठेवावा आणि माणूस बदलला की अर्धा श्वास थांबावं.

आणि आता मराठीची खास अडचण. आपल्या भाषेत क्रियापद लिंग सांगून टाकतं. "आला" म्हटलं की पुरुष, "आली" म्हटलं की बाई. खुनी पुरुष की बाई हे लपवायचं असेल तर लेखक "ती व्यक्ती", "ती आकृती", "एक सावली" असे शब्द धरतो. हे शब्द मुळात स्त्रीलिंगी आहेत, म्हणून क्रियापद "सरकली", "वळली" असं येतं. डोळ्याने वाचणाऱ्याला कळतं की हे सावलीचं लिंग आहे. कानाने ऐकणारा मात्र "सरकली, वळली, निघून गेली" असं तीनदा ऐकून मनात बाई उभी करतो. इंग्रजीतून आलेल्या अनुवादांत हे फार होतं, कारण तिथे क्रियापदाला लिंग नसतं आणि अनुवादकाला काहीतरी निवडावंच लागतं. उपाय सोपा आहे. पहिल्या बैठकीतच सांगून ठेवा की आकृती, व्यक्ती, सावली म्हटलं म्हणजे बाईच असं समजू नका. आणि वाचता वाचता वऱ्हाडीत बदलून सांगायची सवय असेल तर अशा पानांवर ती आवरा. "सावली सरकली" चं "तो सरकला" झालं की पुस्तक तिथेच फुटलं.

याच जागी पारखी वाचकाला मोठा सुगावाही मिळतो. काही कादंबऱ्यांत मधूनमधून खुन्याचं स्वतःचं मनोगत येतं, नाव न सांगता, "मी" म्हणून. असं प्रकरण आलं की क्रियापदं तपासा. "मी दार उघडलं, दिवा विझवला, चिठ्ठी फाडली" यात क्रियापद दार, दिवा, चिठ्ठी यांच्यामागे जातं, बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. "मला जाग आली", "मला तहान लागली", "मी उद्या जाईन" यांतही कळत नाही. पण "मी गेलो", "मी बसले", "मी जातो" म्हटलं की कळलंच. तीन पानांत एकही "गेलो-गेले" नसेल तर लेखक मुद्दाम लपवतो आहे. आणि एखाद्या ठिकाणी चुकून "होतो" राहून गेलं असेल तर ते सोन्यासारखं धरा. अनुवादात मात्र त्यावर फार विसंबू नका, तिथे तो निव्वळ अनुवादकाचा हात असू शकतो.

ढेलजेतला दिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. थांब्यांचं आणि दोऱ्याचं आजच लिहून घेतलं. सावलीच्या लिंगाची गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती, पुस्तकात ती तीन ठिकाणी आहे.

अजून तीन गोष्टी विचारते. उजळणी पाच मिनिटांची म्हणता, ती कोणी करावी आणि त्यात काय सांगावं? पात्रांची नावं फळ्यावर लिहिली तर चालेल का, पुस्तकात रमेश, राजेश आणि सुरेश असे तिघंही आहेत. आणि एक नाजूक गोष्ट. पुस्तकात एका माणसाचा मृत्यू फवारणीच्या औषधाने होतो, आणि बरीच पानं ती आत्महत्या होती की खून यावर चर्चा आहे. ते ओसरीवर कसं वाचावं?

संत्राबाग

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी चुकलं तर गोष्ट बिघडेल, हे चुकलं तर माणूस दुखावेल.

आपल्या भागात फवारणीच्या औषधाने गेलेला माणूस बहुतेक गावांत कोणाच्या ना कोणाच्या घरचा असतो. ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी असं घडलं आहे हे तुम्हाला माहीत असेल. त्या घरी आधी स्वतः जाऊन, पात्राचं नाव न सांगता, "अमुक दिवशीच्या भागात औषधाने मृत्यू आहे" एवढं सांगा. ते आले नाहीत तर त्यावर कोणी विचारणा करायची नाही. बैठकीतही आदल्या रात्री सगळ्यांना तसंच सांगा, म्हणजे पोरांना आणायचं की नाही हे घरचे ठरवतील. औषधाचं नाव, किती घेतलं, मग काय काय झालं, असं बारीक वर्णन असेल तर त्या ओळी गाळा आणि "विषाने मृत्यू झाला" एवढ्यावर पुढे जा. गोष्टीला लागणारे धागे, म्हणजे बाटली कोणाच्या हाती होती, गोदामाची किल्ली कुठे होती, हे राहू द्या. त्या रात्री शेवटची दहा मिनिटं औषधावर चर्चा होऊ देऊ नका, किल्लीवर होऊ द्या. आणि अशा भागावर बैठक संपवू नका. चार पानं पुढे नेऊन चौकशी सुरू झाली की थांबा.

आता उजळणी. ती तुम्ही करू नका, कारण तुम्हाला शेवट माहीत आहे. वाचणारीनेही नको, तिला वाचनासाठी श्वास राखून ठेवावा लागतो. ऐकणाऱ्यांपैकीच एकाने टिपण ठेवावं, दहावीतलं नेटकं लिहिणारं पोर चांगलं. नियम एकच: काय घडलं ते लिहायचं, त्याचा अर्थ लिहायचा नाही. हे टिपण बघा:

"रखवालदार संशयास्पद वाटतो. त्याने कंदील डाव्या हातात धरला होता हे महत्त्वाचं. मालकीण खोटं बोलत असावी."

हे तिन्ही ओळींत चुकलं आहे. "डाव्या हातात" एवढंच निवडून सांगितलं की पंधरा माणसांना कळतं, डाव्या हातात काहीतरी आहे. आता हे:

"रखवालदार कंदील घेऊन ढेलजेत (देवडीत) आला. त्याच्या डाव्या हातात कंदील, उजव्या खांद्यावर घोंगडी. बाहेर कुत्री भुंकत होती. मालकीण म्हणाली मी माजघरात होते. मुनीम जेवत होता."

यात कामाची गोष्ट असेलही आणि नसेलही, ऐकणाऱ्याला तेवढंच मिळालं जेवढं पुस्तकाने दिलं. एका बैठकीचं टिपण आठ ओळींच्या वर नको. ते एका वहीत तारखेने लिहून वाचनालयात ठेवा. रात्री ओलिताला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन वाचेल, वाचता येत नसेल तर कोणी वाचून दाखवेल. बैठक फोनवर ध्वनिमुद्रित करून गटात टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि पैसे न घेता ओसरीवर वाचणं निराळं, सबंध पुस्तकाचा आवाज गावोगाव फिरणं निराळं.

फळा जरूर लावा. नाव, नातं किंवा काम, आणि तो राहतो कुठे, एवढंच. रमेश मुनीम, राजेश धाकटा मुलगा, सुरेश डॉक्टर. पहिल्या तीन बैठकांत वाचणारीने नावासोबत काम जोडून वाचलं तरी चालेल. फळ्याच्या दुसऱ्या बाजूला वाड्याचा नकाशा काढा: फाटक, ढेलज, ओसरी, माजघर, बळद (धान्याची कोठी), परसदार, विहीर. कोण कुठून कुठे गेलं असेल हे आपल्या माणसांना नकाशा दिसला की चटकन कळतं, वाड्यात वावरलेली माणसं आहेत.

पानखूण

संत्राबाग यांचं बाकी सगळं मान्य, एका ठिकाणी माझं वेगळं मत आहे. नावासोबत काम जोडून वाचण्याआधी ताईंनी एक खात्री करावी. पुस्तकात एकच माणूस दोन नावांनी वावरत असेल, किंवा कोणी खोटं नातं सांगून घरात राहत असेल, तर "रमेश मुनीम" म्हणत राहणं म्हणजे लेखकाने न दिलेली ग्वाही आपण देणं झालं. उलगडा झाल्यावर ऐकणारे म्हणतील, तुम्हीच तर मुनीम म्हणून सांगितलं. तसं असेल तर फळ्यावर "स्वतःला मुनीम म्हणवतो" असं एकट्यासमोर लिहू नका, त्याने लगेच कळेल. सगळ्यांचंच काम गाळा आणि फक्त खोली लिहा.

अंदाजाच्या चिठ्ठ्यांचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. २३० पानांच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा बैठका झाल्यावर, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. खुनी कोण, आणि कोणत्या एका गोष्टीवरून वाटलं, एवढंच लिहायचं. दुसरा भाग सक्तीचा ठेवा. नुसतं नाव तर सातआठ जणांत कोणाचंही बरोबर येईल. चिठ्ठ्या डब्यात, डबा कपाटात. यापुढे अंदाजावर बोलायचं नाही, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे सगळे जातात.

चिठ्ठी लिहिताना उपयोगी पडावी अशी एक जुनी चाळणी आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यातले कामाचे असे: गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच आलेला असावा, शोधणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही दाखवलेला असावा, भुताखेतांवर उलगडा सोपवू नये, एकाहून जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नसावीत, आणि जुळे भाऊ असतील तर त्यांची आधी कल्पना दिलेली असावी. शुद्ध शोधाची कादंबरी असेल तर पहिल्या ऐंशी पानांत ज्यांची नावं आली तेवढ्यांतच खुनी शोधा. थरारकादंबरी असेल तर हा नियम लागू नाही, तिथे खुनी कधी पहिल्याच पानावर माहीत असतो आणि जिवंत सुटेल कोण, हा प्रश्न असतो. मोटारच्या पेटीत वायर उघडी आहे हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, पाणी सोडायला निघालेल्या गड्याला माहीत नाही. तो बांधावरून चालत येतो ती चार पानं तिथे सावकाश वाचायची, घाई केली तर लेखकाने रचलेली सगळी धडधड निघून जाते.

शेवटची ४० पानं दोन बैठकांत तोडू नका. नव्वद मिनिटं लागतील. ती बैठक सात वाजता लावा, मध्ये चहा ठेवा, पण चहा उलगडा सुरू व्हायच्या आधी. उलगड्याचं भाषण लांब असतं आणि त्यात मागच्या दहा-बारा ठिकाणांचा उल्लेख येतो. टिपणवहीवाल्याला शेजारी बसवा. उलगड्यात "ओला सदरा" आला की त्याने वहीतली तारीख मोठ्याने सांगायची. तो शब्द त्या रात्री सगळ्यांनी ऐकला होता, हे तेव्हा कळतं. चिठ्ठ्या त्यानंतर उघडा.

वऱ्हाडी पोथीवाला

पुढच्या पुस्तकाचं आतापासूनच पाहून ठेवा. ज्या कादंबऱ्या पयले मासिकात, साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आल्या, त्यात थांबे लेखकानंच करून ठेवले असतेत. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची 'द मूनस्टोन' १८६८ मंदी साप्ताहिकातून आली. तिच्यात गोष्ट एक जण सांगत नाही, घरातला जुना कारभारी, नातेवाईक बाई, वकील, असे वेगयेवेगये साक्षीदार आपापली बाजू सांगतेत. असं पुस्तक असलं तर एकट्या पोरीवर भार नोको, एकेक साक्षीदार एकेकाले वाचाले द्या. इथं आवाज बदलला तर बिघडत नाही, काऊन की माणूसच बदलला.

अन् माणसं नवी असली, ३०० पानांचा धीर नसला, तर एका रात्रीत संपणाऱ्या गोष्टी घ्या. शेरलॉक होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या हायेत. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, म्हाताऱ्या माणसांले त्यांचे नायक झुंजार अन् काळापहाड अजून तोंडपाठ असतीन.

ढेलजेतला दिवा

आज आकडे तपासले, ३१२ पानं पूर्ण आहेत. एक फर्मा सैल आहे, तो शिवून घेते. शेवटचा प्रश्न उजेडाचा. मध्येच लाईन गेली तर?

संत्राबाग

वाचणारीच्या मागे डाव्या खांद्याच्या वर चार्जिंगचा दिवा टांगा, म्हणजे पानावर हाताची सावली पडत नाही. तो आधीपासून लावलेलाच असू द्या, लाईन गेल्यावर शोधायला लागू नये. लाईन गेली की वाक्य पूर्ण करून थांबायचं, माणसं सावरून बसली की तेच वाक्य पुन्हा वाचून पुढे जायचं. पोरांनी मोबाईलचे दिवे ऐकणाऱ्यांच्या तोंडावर मारू नयेत एवढं आधीच सांगून ठेवा. ओसरीवर अंधार असला तरी चालेल, पानावर उजेड हवा.